गढीला एकच दरवाजा

आयुष्यात मी एकदाच किल्ला लढवला, आणि तोही आतून कुलूप लावून. शत्रू म्हणजे चाळीस गावांच्या दूध संस्थांचे सचिव. ते आत होते आणि मीही आतच होतो. लढाईचं कारण होतं दुपारचं जेवण.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या एका सहकारी प्रशिक्षण कार्यालयात शिबिर अधिकारी होतो. वय अठ्ठावीस, खिशाला दोन पेनं, पदरात शेतकी कॉलेजची पदवी. त्यामुळे मला सगळंच कळत होतं. गावोगावच्या संस्थांच्या माणसांना एका ठिकाणी गोळा करायचं, तक्ते लावायचे आणि जे ती माणसं रोज पहाटे उठून करतात ते कसं करावं हे त्यांना सांगायचं, असं माझं काम होतं. माणसं सोशिक. सकाळी निमूट येत, सही करत, मान डोलावत, जेवत आणि जेवण झालं की पांगत. सकाळी हजेरीपटावर बावन्न सह्या असल्या तर दुपारी समोर अकरा डोकी उरायची, आणि त्यातली दोन आचाऱ्याची माणसं असायची.

आमचे साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही शिबिरं घेता की पंगती घालता?" लोक हसले. मीही हसलो, पण रात्री झोप आली नाही. आपल्याला शिकवता येत नाही ही शंका मला तेव्हा शिवलीसुद्धा नव्हती. ही माणसं कामचुकार आहेत आणि त्यांना धरून कसं ठेवायचं एवढाच प्रश्न आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

पाऊस नसल्याचं ते तिसरं वर्ष होतं. बोअरला हवा लागली होती. कडब्याची पेंढी दिसली की माणसं थांबून बघत. म्हैस दोन लिटरवरून अर्ध्या लिटरवर आली होती. अशात वरून दोन दिवसांच्या परिषदेचा विषय छापूनच आला, 'दुष्काळ आणि सहकार'. समारोपाला पुण्याहून एक मोठे पाहुणे यायचे होते. साहेबांनी मला बोलावून एकच वाक्य सांगितलं, "समारोपाला हॉल भरलेला दिसला पाहिजे."

अंबाजोगाईहून युसूफ वडगावकडे जाताना वाटेत एक गढी आहे. पांढऱ्या मातीची, खाली दगडी तट, चार कोपऱ्यांना चार बुरूज. मालक मंडळी केव्हाच पुण्याला गेली होती. त्यांनी आतल्या खोल्यांना चुना मारून घेतला, सदरेवर प्लॅस्टिकच्या चाळीस खुर्च्या ठेवल्या, अंबारखान्यात जेवणाची टेबलं मांडली, पागेत संडास-न्हाणीघरं बांधली आणि गढी छोट्या परिषदांना द्यायला सुरुवात केली. बियाणांचे विक्रेते, मुख्याध्यापक, ध्यानवाले असे सगळे तिथे येऊन जात. सदरेवर बसलं की माणसं आपोआप हळू बोलायला लागत. पूर्वी जिथं वरचा आवाज काढायची कुणाची टाप नव्हती तिथं आता माईकवरून लघवीच्या सुट्टीची घोषणा व्हायची.

मी बघायला गेलो तेव्हा गढीवरच्या राखणदाराने, त्यांना सगळे मामा म्हणत, मला खांबांवरचं नक्षीकाम दाखवलं, पेवं दाखवली, कुठल्या खोलीत कोण मेलं तेही सांगितलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी विचारलं, "मामा, गढीला दरवाजे किती?"

"येकच, सायब," मामा म्हणाले. "लुटारू आलते म्हनं येकदा, आजाच्या आज्याच्या टायमाला. सात दिस ह्याच दाराशी बसले आन् वापस गेले."

मी तो सागवानी दरवाजा पाहिला, त्यावरचे लोखंडी सुळे पाहिले, नारळाएवढं कुलूप हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं. जे लुटारूंना जमलं नाही ते सचिवांना काय जमणार? मी तिथल्या तिथं तारखा पक्क्या केल्या.

पहिला दिवस नेहमीसारखाच गेला, म्हणजे दुपारी सगळे पांगले.  माझा डाव दुसऱ्या दिवशीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखी झाल्या. आदल्या दिवशी न आलेली एक बाई आज आली होती. चाळीस पुरुषांत ती एकटीच बाई. घाटनांदूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून अंधारातच सकाळचं दूध मोजून घेऊन मग यष्टी धरून आली होती. पस्तिशीची असेल. कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेली संस्थेच्या खोलीची किल्ली. चार महिन्यांपूर्वी तिने बावीस बायांना धरून महिलांची दूध संस्था काढली होती. त्याआधी वस्तीवरचं सगळं दूध खव्याच्या भट्टीवर जायचं. भट्टीवाला माप त्याचं वापरायचा आणि फॅट तोंडानेच सांगायचा.

ती उभी राहून म्हणाली, "आमच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ, येक टाइमबी खाडा न्हाई. बायांना मी तसा शबुद दिलाय." मी टाळ्या वाजवायला लावल्या आणि अहवालात घालायला ते वाक्य लिहून घेतलं. तिच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या सचिवाने विचारलं, "आन् आज किल्ली संगं आनली व्हय, बाई?" ती म्हणाली, दुसऱ्याच्या हातात किल्ली दिली की दुधात पाणी घातल्याची बोंब भट्टीवालाच उठवतो, म्हणून किल्ली ती कुणाला देत नाही. तीनच्या आत निघाली की पाचला पोचते, तेवढंच जमवायचं. म्हातारा नुसता "हं" म्हणाला. मी हे सगळं ऐकलं होतं. ऐकू आलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

जेवणात पिठलं-भाकरी, ठेचा आणि शिरा होता. सगळे अंबारखान्यात बसलेले पाहून मी मामांकडून कुलूप घेतलं, आतून लावलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि देवडीत खुर्ची मांडून बसलो. शिऱ्याची वाटी तिथंच मागवली. आपण फार मोठं काही केलं आहे असं वाटत होतं.

मग माणसं येऊ लागली. एकाची सासू वारली होती. ती मागच्या शिबिरातही वारली होती. एकाच्या बैलाला सुई टोचायची होती. एकाला सोयरीक बघायला जायचं होतं, ती मुलाची की मुलीची हे सांगताना त्याचा घोटाळा झाला. बऱ्याच जणांनी "दुधाचा टाइम हाय, सायब" एवढंच म्हटलं. मी प्रत्येकाला हसून परत पाठवलं, आणि नवल म्हणजे सगळे गेले. कुणी हुज्जत घातली नाही, कुणी आवाज चढवला नाही. माझ्या शब्दाला एवढं वजन आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं आणि मी शिऱ्याची दुसरी वाटी मागवली.

ती बाई सगळ्यांच्या शेवटी आली.

"सायब, मला जाऊ द्या. पाचला दूध घ्यावं लागतंय. किल्ली माझ्यापाशी हाय."

"तुमचा मापाडी घेईल की."

"मापाडी मीच हाय."

"आणि फॅट तपासायला?"

"तीबी मीच."

मी तिला समजावून सांगितलं की प्रत्येक संस्थेत तीन माणसं असावीत असा नमुना आहे, सचिव, मापाडी आणि तपासनीस, आणि तसा तक्ता सकाळीच लावला होता. तक्ता माझ्याच हातचा होता, तीन रंगांतला. त्याच तक्त्यावर खाली सायंकाळच्या संकलनाची वेळ, पाच ते सहा, ठळक लिहिलेली होती. लिहिलं मीच होतं.

"तक्त्यात हायेत, सायब," ती म्हणाली. "वस्तीवर न्हाईत."

"बाई, एका दिवसानं काय होतंय?"

"येका दिसानंच व्हतंय, सायब."

मी घड्याळात पाहिलं. ती समोरच्या पायरीवर बसली. तोंड दरवाजाकडे. रुसली असेल असं मला वाटलं. नोकरीची उमर कमी असली की समोरचं माणूस रुसलंय की अडचणीत आहे यातला फरक कळत नाही. काहींना निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

साडेतीनला मी सदरेवर चक्कर टाकली. गुरांचे डॉक्टर डोळे कागदावर ठेवून वैरणीवर बोलत होते. समोर नऊ माणसं होती. नऊच्या नऊ म्हातारी, ज्यांची पोरं घरी दूध बघत होती. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी संडास पाहिले, अंबारखाना पाहिला, चक्क पेवांत डोकावलो. शेवटी मामा मला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथला चौथा बुरूज निम्म्यातून ढासळला होता आणि त्याच्या पांढऱ्या मातीचा छान उतार खाली रस्त्यापर्यंत गेला होता. उतारावर बुडं घसरल्याचे पट्टे उमटले होते. एक चप्पल मधेच अडकली होती.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होता एकच दरवाजा आहे."

"येकच हाय की. तुमी दरवाजाचं इचारलं, बुरजाचं कुठं इचारलं?"

उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी. कुलूप लावून मी बरोबर एका माणसाला अडवलं होतं, आणि ते माणूस कोण तर जे परवानगी मागायला आलं होतं. पुरुष उतारावरून घसरून गेले. बाईमाणूस लुगडं सावरत चाळीस जणांदेखत बुरूज उतरणार कसं? ती देवडीत बसून होती.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण इतकी वर्षं ती मी हसण्यावारी नेत आलो आहे. त्या वेळी साडेतीन वाजले होते. जीप बाहेर उभी होती, ड्रायव्हर मोकळा होता. कुलूप काढून तिला पोचवायला सांगितलं असतं तर ती पाचला वस्तीवर गेली असती. हे माझ्या मनात आलं. लगेच दुसरंही आलं. समोर नऊ डोकी आहेत आणि ही दहावी, शिवाय महिला. पाहुण्यांचं स्वागत बाईच्या हातून झालं तर फोटो चांगला येईल. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "बाई, पाहुण्यांना गुच्छ तुम्ही द्यायचा. आभारही तुम्हीच माना. मग आमची जीप तुम्हाला सोडेल." ती उठून सदरेवर येऊन बसली. साहेब म्हणतात म्हटल्यावर ऐकायचं असतं, एवढी शिस्त तिला होती आणि ती शिस्त मी वापरून घेतली.

पाहुणे सव्वाचारला आले. तोवर मी आचारी, त्याचे दोन गडी, ड्रायव्हर आणि मामांना खुर्च्यांवर बसवलं होतं. मामांच्या हातात वही दिली होती. पाहुणे भले गृहस्थ होते, मन लावून बोलले. दुष्काळात माणसानं माणसाला धरून राहावं, हे त्यांनी निरनिराळ्या प्रकारे दीड तास सांगितलं. मामा सोडून सगळ्यांनी ऐकलं, मामा लिहून घेत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं हे मला नंतर कळलं. ती बाई पाहुण्यांकडे बघत नव्हती. सदरेच्या खांबाची सावली फरशीवरून सरकत होती तिकडे बघत होती. सावली तिच्या पायापाशी आली तेव्हा तिने पाय आत घेतले.

आभाराला उभी राहिली आणि म्हणाली, "समद्यांचे आभार. मी जाते." पाहुणे खूश झाले. "सहकाराला अशी थेट माणसं हवीत," असं मला म्हणाले. मी मान डोलावली.

जीपमध्ये मीही बसलो. अपराधी वाटत होतं म्हणून नव्हे, एका महिला संस्थेला प्रत्यक्ष भेट दिली असं अहवालात लिहिता येईल म्हणून. वाटेत परळीकडून येणाऱ्या राखेच्या ट्रकांनी दोनदा खोळंबा केला. मी तिला पुढच्या वर्षीच्या योजना सांगत होतो. ती "हां, सायब" म्हणत होती आणि किल्ली हातात धरून बसली होती.

वस्तीवर पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. दूधगाडी सहालाच येऊन गेली होती. संस्थेच्या बंद खोलीपुढे बावीस बाया ओळीने बसल्या होत्या, पुढ्यात तांबे, किटल्या, वर ओली फडकी. त्या उन्हाळ्यात फडकं ओलं करायला पाणी कुठून आणलं असेल कोण जाणे.

"कावून उशीर झाला गं?" एकीने विचारलं.

"सायबांच्या कामात गुतले व्हते," ती म्हणाली. एवढंच.  तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

तिने कुलूप काढलं आणि दूध घ्यायला सुरुवात केली. एकेकीचं माप, एकेकीच्या दुधात लॅक्टोमीटर, एकेकीच्या कार्डावर नोंद. मी म्हणालो, "बाई, गाडी तर गेली. आता माप कशाला?"

"त्या घिऊन बसल्या ना, सायब. मग मोजाय नगं?"

सगळं मिळून दोन लहान कॅन भरले. त्या उकाड्यात दूध सकाळपर्यंत टिकणार नव्हतं. जागा एकच होती आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "सायब, जीप भट्टीवर घ्या."

सहकारी कार्यालयाचं नाव दारावर रंगवलेल्या जीपमधून, सहकारी अधिकाऱ्याच्या मांडीला टेकून, सहकारी संस्थेचं दूध खव्याच्या भट्टीवर गेलं. कॅन धरायला ती आणि आणखी दोन बाया मागे बसल्या होत्या. भट्टीवाला बाभळीची लाकडं सारून उठला, हात जोडले, बाजेवर घोंगडी टाकली. "या सायब. तुमची जीप आमच्या दारात, भाग्यच म्हनायचं." मी त्याला दोन खडे बोल सुनवायला तोंड उघडलं आणि त्यात चहा गेला. चहा चांगला होता. दूध त्याचंच.

त्याने दूध कढईत ओतून घेतलं आणि कोपऱ्यातल्या पोत्यांकडे हात केला. सरकीची पेंड. तालुक्यात कुठे मिळत नव्हती. बायांना म्हणाला, "दूध उद्यापून हिकडं घाला. पेंड आत्ताच न्या. जीप रिकामीच चालली, सायब काय न्हाई म्हनायचे न्हाईत."

त्या दोन बाया तिच्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या म्हशी दिवसभर बाभळीच्या शेंगांवर होत्या. ती पोत्यांकडे बघत होती. 

"घ्या," ती म्हणाली. "जनावराला उपाशी ठिवू नका."

पोती मी स्वतः उचलू लागलो. माझा तेवढाच हातभार.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत चौदा जणी आल्या, आठवडा संपेपर्यंत नऊच उरल्या. शब्द पाळायचा तर दोनच जणी आल्या तरी दोन्ही वेळा खोली उघडावी लागते, आणि बाई ती उघडत राहिली. मग दूधगाडीने एवढ्याशा दुधासाठी आत वळायचं सोडलं. हे मला महिन्याच्या तक्त्यांतून कळत होतं, आणि तक्ते वाचण्यात तर मी पटाईत.

परिषदेचा अहवाल उत्तम झाला. 'समारोपास उपस्थिती समाधानकारक' असं मी लिहिलं. फोटोत मामा वही घेऊन पुढेच बसलेले दिसतात. साहेबांनी पाठ थोपटली आणि पुढच्या सगळ्या परिषदा गढीतच घ्यायचं ठरवलं. ढासळलेला बुरूज दुरुस्त करून घ्यावा, अशी शिफारस मी कधी केली नाही. शिबिरंही जेवणापाशीच संपवायला लागलो. माझ्या नावावर पुण्य म्हणून एवढंच निघेल.

त्या उन्हाळ्यानंतर मात्र पाऊस चांगला झाला. दूध वाढलं, भट्टीवाल्याने दुसरी कढई बसवली. थंडीत त्या संस्थेचे बंद करण्याचे कागद निघाले, आणि वस्ती माहितीची म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं.

तिने खोली झाडून ठेवली होती. लॅक्टोमीटर फडक्यात गुंडाळून दिला, मापं दिली, शेवटी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. मी फॉर्म भरत होतो. संस्थेचं नाव, सभासद, स्थापना. मग एक रकाना होता, 'बंद पडण्याचे कारण'. येताना सबंध वाटेत मी त्या रकान्याचाच विचार करत आलो होतो. जीपमध्ये मी फार धीट होतो. पेन टेकवलं आणि लिहिलं, दुष्काळ.

कागद तिच्यापुढे सरकवला. संस्थेच्या कामामुळे तिला वाचायची सवय झाली होती. तिने एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि त्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"दुस्काळ व्हय, सायब?"

"हो," मी म्हणालो.

दाराबाहेर ज्वारी डोक्याला लागत होती. तिने माझंच पेन घेतलं आणि सही केली.